टेकडीवरून दिसलेले मूल

अनुताई वाघ यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘कोसबाडच्या टेकडीवरून’. पाहणारी व्यक्ती कुठे उभी आहे, हे नावच सांगते. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर भरली. शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली.

हे आपल्याला कळले ते या दोघींच्या लेखणीमुळे. पालक-शिक्षकांशी बोलायला ताराबाईंजवळ ‘शिक्षणपत्रिका’ होती. वाचक मिळाला की विचार धारदार होतो, हे त्या जाणून होत्या. पण कुरणावर शिकलेल्या वारली मुलाचा वाचक कोण होता?

हा दोष आत्मचरित्राचा नाही. ते शिक्षिकेच्या नजरेतूनच लिहिले जाणार. दोष आपल्या लेखनशिक्षणाचा आहे, आणि तो आजही आहे. प्राथमिक शाळेत लिहायचे ते बाईंसाठी. ‘पावसाळा’ हा निबंध वाचणाऱ्या बाईंना पाऊस ठाऊकच असतो. मग मुलाला नवे सांगायला उरते काय? शुद्धलेखन तेवढे उरते.

आता बोर्डीच्या मुलीला विदर्भातल्या एखाद्या वर्गासाठी लिहू द्या : चिकू झाडावरून कसा उतरवतात? समोरच्याला काय माहीत नाही, आधी काय सांगायचे, चिकू खाली का पडू द्यायचा नाही, हे तिला ठरवावे लागेल. तिकडून ‘कच्चा कसा ओळखता?’ असा प्रश्न आला, की ती झाडाकडे पुन्हा बघेल आणि परिच्छेद पुन्हा लिहील. साक्षरता आणि विचार इथे वेगळे काढताच येत नाहीत.

मात्र शाळेचे भित्तिपत्रक असो की मोबाइलचा पडदा, मुलांचे लेखन आपण आधी ‘स्वच्छ’ करतो. घरच्या बोलीतला शब्द काढून पुस्तकी शब्द घालतो. ज्या शब्दापाशी दूरच्या मुलाने थांबून विचारले असते, नेमका तोच जातो. चुका जरूर दुरुस्त कराव्यात. पण वाचकाचा प्रश्न आल्यानंतर, लिहिणाऱ्या मुलाच्याच हातून.

बोर्डीने शाळा मुलापर्यंत नेली. वाचक अजून तिथे पोचायचा आहे.