महामंदी, श्रद्धा आणि प्रेम : कॅथरिन मार्शल यांच्या ‘जुली’ कादंबरीची चिकित्सा

प्रस्तावना :
अमेरिकेतील ख्रिस्ती श्रद्धाप्रधान प्रेरणादायी कादंबरीच्या परंपरेत कॅथरिन मार्शल (१९१४–१९८३) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. ‘ख्रिस्टी’ (१९६७) नंतरची त्यांची दुसरी कादंबरी ‘जुली’ त्यांच्या निधनानंतर १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. ऐतिहासिक प्रेमकथा आर्थिक अरिष्टाचे आकलन घडवू शकते, की त्यावर केवळ दिलाशाचे आवरण घालते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात या कादंबरीच्या आधारे तपासला आहे.

आशय व पार्श्वभूमी :
१९३३ मध्ये अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश श्रमशक्ती बेरोजगार होती. कादंबरीचा काळ त्यानंतर लगेचचा, १९३४ पासूनचा आहे. धर्मोपदेशकाचे काम सोडलेले केनेथ वॉलेस सर्व बचत गुंतवून पेनसिल्व्हेनियातील आल्डर्टन या पोलादनगरीतील ‘सेंटिनल’ हे वृत्तपत्र विकत घेतात. त्यांची अठरा वर्षांची मुलगी जुली ही कथेची निवेदक आहे. गावाच्या वर धनिकांच्या क्लबचे सरोवर असून त्याचे धरण कमकुवत आहे. याविषयी लिहावे तर वृत्तपत्र बुडण्याची भीती, न लिहावे तर गाव बुडण्याची. येथे मंदी ही केवळ पार्श्वभूमी राहत नाही, तर सत्य बोलण्याची किंमत ठरविणारी शक्ती होते. हे या कादंबरीचे मोठे बलस्थान होय.

प्रेमकथेचे कार्य :
क्लबशी संबंधित इंग्रज तरुण रँड विल्किन्सन आणि कामगारांच्या बाजूने उभा राहणारा पाद्री स्पेन्सर मेलॉय या दोघांमुळे जुलीची भावनिक निवड वर्गसंघर्षाशी जोडली जाते. मात्र संघर्ष तीव्र होताच लेखिका त्याचे उत्तर व्यक्तीच्या अंतःकरणात शोधते. मालकाचे हृदयपरिवर्तन आणि नायिकेची श्रद्धा यांना जेवढी जागा मिळते, तेवढी कामगारांच्या संघटनेला मिळत नाही. वस्तुतः कामगारांच्या संघटनस्वातंत्र्याला संरक्षण देणारा वॅग्नर कायदा १९३५ मध्ये, म्हणजे कथेच्या काळातच, संमत झाला होता.

इतिहासाचे स्थलांतर :
कादंबरीतील महापुराचा आदर्श ३१ मे १८८९ चा जॉन्सटाउनचा पूर आहे. त्यात २,२०९ माणसे मृत्युमुखी पडली. धनिकांच्या क्लबने धरणाचा माथा खाली आणला होता, सांडव्यावर मासे अडविण्याच्या जाळ्या बसविल्या होत्या. तरीही न्यायालयात क्लबकडून पीडितांना भरपाई मिळाली नाही. ही घटना मंदीच्या काळात आणल्यामुळे बेफिकीर संपत्ती आणि असहाय श्रम यांचे नाते ठळक होते. परंतु पूर येताच उत्तरदायित्वाचा प्रश्न मागे पडून संकटातील धैर्य पुढे येते. मानवनिर्मित अपराध दैवी परीक्षेच्या रूपात वाचला जाण्याचा धोका येथे निर्माण होतो.

निष्कर्ष :
‘जुली’ आर्थिक अरिष्टाची कारणे अचूक ओळखते, पण त्यांचा निवाडा करीत नाही. ही मर्यादा लेखिकेच्या सामर्थ्याची नसून या कादंबरीप्रकाराची आहे, कारण त्याला शेवटी आश्वासन द्यावेच लागते. तथापि, जाहिरातदारांच्या दडपणाखाली छापखाना चालू ठेवणाऱ्या कुटुंबाचे चित्रण हे आश्वासन स्वस्त होऊ देत नाही. लोकप्रिय म्हणून असे साहित्य अभ्यासक्रमाबाहेर ठेवण्याऐवजी इतिहास व अर्थशास्त्राच्या सोबतीने वाचल्यास त्यातील मौनेही बोलकी ठरतील.