गंज, झळाळी आणि पाठ

जुन्या कोरीव बंदुकीची ‘झळाळी परत आणली’ हे कौतुक मला संशयास्पद वाटते. जुन्या पद्धतीने हाताने चढवलेला तो निळसर-काळा रंग म्हणजे वरचा मुलामा नव्हे. तो ताब्यात ठेवलेला गंजच. पोलादावर तांबडा गंज मुद्दाम आणायचा, पाण्यात उकळून तो काळा करायचा, सुटी भुकटी घासून काढायची. असे पुन्हा पुन्हा. नवी मुंबईच्या खाडीकाठच्या दमट हवेत आपोआप धरणारा गंज मात्र ओल धरून धातू पोखरतो. तेल मुरवून, हलक्या हाताने तो तेवढाच उचलता येतो. पॉलिशचे चाक फिरले, की तांबड्याबरोबर काळा थरही जातो आणि नक्षीच्या कडा झिजतात.

हा प्रश्न मला पाठचिकित्सेचा वाटतो. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत (१९१९–१९६६) प्रक्षिप्त श्लोक संहितेतून काढले, पण तळटीपांत व परिशिष्टांत जपले. अनिश्चित पाठाखाली नागमोडी रेघ दिली. गंजाने खाल्लेली नक्षी नव्याने कोरणारा कारागीर शंकेची ती खूणच पुसून टाकतो. जुन्या हाताचे कोणते, आजचे कोणते, हे मग वाचता येत नाही. खड्डा राहिला तरी चालेल. खोटा पाठ नको.