‘नाइस’ : एका गुळगुळीत शब्दाची कुळकथा

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला अगदी आरंभीच जे शब्द भेटतात त्यांत ‘नाइस’ असतो, आणि इतका निरुपद्रवी शब्द दुसरा शोधून सापडायचा नाही. हवा नाइस, पाहुणे नाइस, साडीचा काठ नाइस, आणि मुलीसाठी सांगून आलेले स्थळ तर फारच नाइस! आपल्या दिवाणखान्यांतूनही तो आता घरच्यासारखा वावरतो. परंतु या सालस शब्दाची कुळी शोधू गेले की मूळ पुरुष चक्क अडाणी निघतो.

लॅटिन भाषेत ‘नेस्कियुस’ म्हणजे ज्याला काही कळत नाही असा. त्यातला ‘ने’ म्हणजे आपला ‘न’, आणि पुढचा भाग ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. याच ‘स्कीरे’पासून ‘सायन्स’ हा शब्द निघाला. म्हणजे सायन्स आणि नाइस ही एकाच घरातली भावंडे; एकाने शाळा गाठली, दुसऱ्याने ती बुडवली. फ्रेंचांच्या हाती हा शब्द ‘मूर्ख’ या अर्थाने आला, त्याच अर्थाने तो इंग्लंडात उतरला, आणि चौदाव्या शतकात चॉसर कुणाला ‘नाइस’ म्हणतो तेव्हा ती त्या माणसाची स्तुती नसते.

पुढे मात्र या शब्दाने जी वळणे घेतली ती पाहून थक्क व्हावे. मूर्ख, मग उच्छृंखल, मग लाजाळू, मग नको तितका नाजूक, आणि तेथून चोखंदळ. चोखंदळ माणूस बारीकसारीक भेद पाहतो, म्हणून ते भेदही ‘नाइस’ ठरले. इंग्रज वकील कायद्यातल्या सूक्ष्म मुद्द्याला आजही ‘नाइस पॉइंट’ म्हणतो, तेव्हा तो मुद्दा गोड आहे असे त्याला म्हणायचे नसते. ज्याला काहीच कळत नाही त्याचा शब्द शेवटी ज्याला फार बारीक कळते त्याच्या वाट्याला आला!

ही वळणे ठाऊक नसली की जुनी पुस्तके वाचताना पाय घसरतो. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ नाटकाच्या पाचव्या अंकात, रोमिओला पाठवलेले पत्र पोचलेच नाही हे कळताच फादर लॉरेन्स हादरतो आणि म्हणतो की ते पत्र ‘नाइस’ नव्हते. आजचा वाचक समजेल की पत्रात काही वाईटसाईट लिहिले असावे. शेक्सपियरचा अर्थ निराळा आहे : ते पत्र क्षुल्लक नव्हते, त्यावर दोन जीव टांगलेले होते. एका विशेषणाचा अर्थ हुकला तर त्या प्रसंगातली सारी धडधड हुकते.

आजचा ‘छान’ हा अर्थ अठराव्या शतकात रुजला आणि बघता बघता सर्वत्र पसरला. त्याची सर्वांत सुंदर उलटतपासणी न्यायालयात नव्हे, एका कादंबरीत झाली आहे. जेन ऑस्टिनची ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ तिच्या मृत्यूनंतर, 1817 च्या अखेरीस, प्रसिद्ध झाली. तिची नायिका कॅथरीन ही कादंबऱ्यांची वेडी पोर. अ‍ॅन रॅडक्लिफचे ‘उडॉल्फो’ हे तिला जगातले सर्वांत नाइस पुस्तक वाटते. हेन्री टिल्नी तिला लगेच अडवतो. नाइस म्हणजे नीटनेटके ना? मग ते पुस्तकबांधणी करणाऱ्यावर अवलंबून! पुढे तो सांगतो की मुळात हा शब्द नीटसपणा आणि नाजूक अभिरुची यांसाठी होता. आता कशाचीही वाखाणणी करायची म्हटली की लोकांना हाच एक शब्द पुरतो.

हा उतारा वाचून पुष्कळांना वाटते की टिल्नीच्या तोंडून लेखिकाच बोलते आहे. मला ते पटत नाही. एक तर टिल्नीची व्युत्पत्तीच कच्ची आहे. ‘मुळात’ हा शब्द नीटसपणाचा नव्हता, मूर्खपणाचा होता. दुसरे, शेवटचा टोला त्याला मिळालेला नाही, त्याच्या बहिणीला मिळाला आहे. एलिनॉर भावाला ऐकवते की तो जितका नाइस आहे तितका ‘वाइज’ नाही. म्हणजे चोखंदळपणा भरपूर, शहाणपण बेताचे. भावाला जो अर्थ जिवंत ठेवायचा होता तोच उचलून तिने त्याच्यावर उलटवला! बाईसाहेबांनी दोघांनाही न दुखावता दोघांनाही हसून घेतले आहे. 1926 साली फाउलरने आपल्या शब्दप्रयोगकोशात स्त्रियांच्या लाडामुळे हा शब्द बिघडला असा ठपका ठेवला. हा पान उलटून पाहिले असते तर एका स्त्रीने तो किती धारदार वापरला आहे हे त्यालाही मानावे लागले असते.

शब्दांचे असे होतेच. संस्कृतात ‘राग’ म्हणजे आसक्ती, आपल्याकडे संताप. तिथे ‘साहस’ म्हणजे अविचार, इथे शौर्य. ‘चेष्टा’ तिथे हालचाल, इथे थट्टा. संतांच्या वाङ्मयात ‘बरवे’ म्हणजे सुंदर, आणि आज ‘नाटक बरं होतं’ म्हटले की तिकिटाचे पैसे वाया गेले असे ऐकणारा समजतो. शब्द बदलला म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. घरात चकलीला ‘छान’ म्हटलेले चालते, कारण चकली पुढ्यात असते, म्हणणाऱ्याचा चेहरा दिसतो, आणि त्याने दुसरी उचलली की अर्थ पुरा होतो. ‘जेवून छानपैकी ताणून दिली’ यात तर ‘छान’वाचून चालणारच नाही, इंग्रजही ‘नाइस अँड वॉर्म’ म्हणतो तो असाच. छापलेल्या परीक्षणाला मात्र चेहरा नसतो. तिथे कथा छान, कवितासंग्रह छान, मुखपृष्ठही छान असे लिहिले की वाचकाच्या हाती काय पडते? कोणाही लेखकाला न दुखवणारी स्तुती कोणाही लेखकाच्या उपयोगी पडत नाही, आणि नवा लिहिणारा तर अशा शब्दांवरच वाया जातो. चार पंक्ती का आवडल्या हे सांगता येत नसेल तर परीक्षकाने कॅथरीनसारखे मोकळेपणी पुस्तकाच्या प्रेमात तरी पडावे! तिच्या ‘नाइस’मागे भान हरपून केलेले वाचन होते.

ऑस्टिनचा हा संवाद मराठीत आणणाऱ्याची मात्र पंचाईत आहे. कॅथरीनच्या तोंडी ‘छान’ चपखल बसतो. टिल्नीची थट्टाही ओढूनताणून निभावेल. पण एलिनॉरचा टोला आला की ‘छान’ लंगडा पडतो, कारण आपला ‘छान’ कधी चोखंदळ नव्हता. तिथे भाषांतरकाराने तळटीप घालून कोटी समजावण्यापेक्षा सरळ ‘चोखंदळ’ लिहावे, श्लेष सोडून द्यावा, आणि बहिणीचा आवाज तेवढा सांभाळावा.