अनियमित पाळीचे संशोधन : कोणाला मोजले, कोणाला वगळले?

समजा, धामणगाव रेल्वेच्या एखाद्या मेळाव्यात १८ ते ४० वर्षे वयाच्या शंभर स्त्रिया जमल्या आहेत. त्यांपैकी किती जणींना ‘पीसीओएस’ हा अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार असेल? भारतभरच्या ९८२४ स्त्रियांची पाहणी करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाला हा प्रश्न विचारला, तर तीन उत्तरे मिळतात : सात, चौदा आणि वीस. नेमके आकडे ७.२, १३.६ आणि १९.६ टक्के असे आहेत. स्त्रिया त्याच, तपासण्या त्याच; बदलली ती फक्त विकाराची व्याख्या.

विज्ञान शिकवणाऱ्याने येथे थांबायला हवे. ज्या आकड्याच्या आधारे औषधे ठरतात, दवाखाने उघडतात आणि घरोघरी मुलींच्या मनात भीती बसते, तो आकडा व्याख्येनुसार जवळजवळ तिप्पट होतो. या लेखात आम्ही या विषयावरच्या आपल्याकडील संशोधनाची आणि उपचारपद्धतीची परीक्षा करणार आहोत. दोष दाखवण्यासाठीच दोष शोधायचे नाहीत. वऱ्हाडातल्या शाळकरी मुलीला या संशोधनाचा उपयोग किती, एवढेच पाहायचे आहे.

विकार म्हणजे काय?

अंडाशयात द्रवाने भरलेल्या अनेक सूक्ष्म पुटिका असतात व प्रत्येकीत एक अपक्व अंडपेशी असते. दर महिन्याला साधारणपणे एक पुटिका पूर्ण वाढते, फुटते आणि अंडपेशी बाहेर पडते. पीसीओएसमध्ये ही वाढ अर्धवट थांबते. सोनोग्राफीत ज्या ‘गाठी’ दिसतात त्या खऱ्या गाठी नसून अशा वाढ खुंटलेल्या पुटिकाच असतात. त्यामुळे ‘अंडाशयात गाठी झाल्या’ हे ऐकून हादरून जाण्याचे कारण नाही. नावातच दिशाभूल आहे, ते बदलावे, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०१२ मध्ये केली होती.

बिघाडाचे मूळ केवळ अंडाशयात नसते. बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम नीट होत नाही, म्हणून शरीर ते जास्त तयार करते. हे वाढीव इन्सुलिन अंडाशयाला पुरुषसंप्रेरके अधिक बनवायला लावते. शिवाय त्या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होते. परिणामी पाळी लांबते, चेहऱ्यावर राठ केस येतात, मुरुमे हटत नाहीत. पुढच्या आयुष्यात मधुमेहाची शक्यता वाढते. पाळी महिनोन्‌महिने न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि कालांतराने त्याच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. अमेरिकेत स्टाइन आणि लेवेन्थाल या दोन डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांच्या आधारे याचे वर्णन केले, तेव्हापासून हा ‘मूल न होण्याचा’ विकार म्हणून ओळखला गेला. ती सवय अजून सुटलेली नाही.

मुंबईच्या पाहणीचे गणित

महाराष्ट्रापुरते सांगायचे तर मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांची २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी महत्त्वाची आहे. तिचा मोठा गुण असा की ती रुग्णालयात आलेल्या रुग्णांची नव्हती, वस्तीतल्या मुलींची होती. रुग्णालयात येते ती आधीच त्रासलेली असते. तिच्यावरून समाजाचा अंदाज बांधणे म्हणजे पोलीस ठाण्यात बसून गावातल्या माणसांचा स्वभाव ठरवण्यासारखे आहे. पाहणीत १५ ते २४ वयाच्या ६०० मुलींची माहिती तपासली गेली. एका व्याख्येने २२.५ टक्के, तर दुसऱ्या व्याख्येने १०.७ टक्के मुलींना पीसीओएस असल्याचे दिसले.

हा फरक कोठून आला? विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घेण्यासारखे हे गणित आहे. ६०० चे २२.५ टक्के म्हणजे १३५ मुली. त्याच अहवालानुसार यांतल्या ५२.६ टक्के, म्हणजे ७१ मुली ‘सौम्य’ प्रकारातल्या होत्या : पाळी अनियमित आणि सोनोग्राफीत पुटिका जास्त, पण पुरुषसंप्रेरके वाढल्याची खूण नाही. १३५ मधून ७१ वजा केले की ६४ उरतात. ६०० पैकी ६४ म्हणजे १०.७ टक्के. दोन आकड्यांमधली सगळी तफावत या ७१ मुलींची आहे!

पहिली व्याख्या २००३ साली रॉटरडॅम येथे ठरली. अनियमित पाळी, पुरुषसंप्रेरकांचा अतिरेक आणि सोनोग्राफीतले पुटिकांचे चित्र, या तिघांपैकी कोणत्याही दोन गोष्टी तिला पुरतात. दुसरी व्याख्या पुरुषसंप्रेरकांचा अतिरेक अनिवार्य मानते. म्हणजे ७१ मुलींच्या कपाळी शिक्का बसला तो सोनोग्राफीमुळे.

आणि नेमका येथेच आमचा आक्षेप आहे. पाळी सुरू झाल्यानंतरच्या वर्षांत निरोगी मुलीच्या अंडाशयातही भरपूर पुटिका दिसतात. म्हणून २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये असे सांगितले, आणि २०२३ च्या सुधारित आवृत्तीतही तो नियम कायम राहिला. तेराव्या वर्षी पाळी सुरू झालेल्या मुलीसाठी याचा अर्थ एकविसाव्या वर्षापर्यंत. मुंबईच्या संशोधकांना २०१४ मध्ये हा नियम माहीत असणे शक्य नव्हते, तो दोष त्यांचा नाही. शिवाय त्यांनी दोन्ही आकडे आणि प्रकारवार विभागणी दिली, म्हणूनच आज आपण हे गणित करू शकतो. दोष आहे तो त्यातला फक्त मोठा आकडा उचलून ‘पाचातल्या एका मुलीला विकार’ असे सांगत सुटणाऱ्यांचा.

मग लहान आकडा खरा मानायचा काय? तसेही नाही. प्रौढ स्त्रीची पाळी वारंवार चुकत असेल, तर चेहऱ्यावर केस नसले तरी गर्भाशयाच्या अस्तराचा धोका राहतोच. केसांचे मोजमापही भरवशाचे नाही. ते काढून टाकलेले असतील तर तपासणाऱ्याला दिसणार कसे? म्हणून एकच टक्केवारी न मागता किती जणींची पाळी अनियमित, किती जणींत पुरुषसंप्रेरके जास्त, किती जणींत दोन्ही, असे वेगवेगळे विचारले पाहिजे.

गडचिरोलीचा मापदंड

मोजायचे कसे, याचा धडा विदर्भाने जगाला आधीच दिलेला आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तक्रार असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रिया त्यांनी तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के होत्या. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असाच हिशेब होता. या एका अभ्यासाने तो बदलायला भाग पाडले.

हा मापदंड लावला की पीसीओएसच्या संशोधनातली उणीव कळते. हा विकार शहरी, सुखवस्तू, लठ्ठ मुलींचा, असा समज त्यामुळे पसरला की शोधाशोध मुख्यतः शहरांतच झाली. मुंबईच्या पाहणीतच विकार आढळलेल्या मुलींपैकी ७१.८ टक्के लठ्ठ नव्हत्या, ही गोष्ट मात्र कोणी मोठ्याने सांगत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत दाखवून दिले आहे की आपल्याकडची बाळे वजनाने इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी असली, तरी त्यांच्या शरीरातले चरबीचे प्रमाण त्या मानाने कमी नसते. सडपातळ दिसणाऱ्या शरीरातही इन्सुलिनचा बिघाड असू शकतो, तो असा. कापसाच्या वावरात राबणाऱ्या आईची किडकिडीत मुलगी या विकारापासून सुरक्षित आहे, असे गृहीत धरायला कोणताही आधार नाही.

उपचारांतली उणीव

रोगी स्त्रीला निदान मिळायलाच उशीर लागतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः अमेरिका व युरोपातल्या स्त्रियांच्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश जणींना निदानासाठी दोन वर्षांहून जास्त काळ लागला होता, आणि जवळजवळ निम्म्या जणींना तीन किंवा अधिक डॉक्टर करावे लागले होते. धामणगावच्या आसपासच्या खेड्यातल्या मुलीला तर आधी तालुक्याला, मग अमरावतीला किंवा वर्धा-नागपूरला जावे लागणार. प्रत्येक फेरीला एकाची मजुरी बुडणार. त्यात घरात एकच उत्तर तयार असते : ‘लग्न झालं की होते सारं बराबर.’ मूल होत नाही असे दिसेपर्यंत कोणी डॉक्टरकडे नेत नाही. तोपर्यंत दहा-बारा वर्षे गेलेली असतात.

दुसरी उणीव सल्ल्याची. ‘वजन कमी कर’ एवढे सांगून मुलीला परत पाठवणे हा उपचार नव्हे. चालणे, खेळणे, डाळी-भाज्यांचा आहार यांचा फायदा वजन न घटताही होतो. नवी मार्गदर्शिका मनाच्या आरोग्याचीही चौकशी करायला सांगते, कारण या विकारात नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात. मुंबईच्या त्याच संस्थेने वेगवेगळ्या विषयांच्या तज्ज्ञांना एकत्र आणून या विकारासाठी दवाखाना चालवला, हे कौतुकास्पद आहे. पण परळचा दवाखाना वऱ्हाडात उचलून आणता येत नाही.

तिसरी उणीव विचित्र आहे. पाळी नियमित करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्यांत कोणतीही एक जात इतरांहून श्रेष्ठ ठरलेली नाही, असे मार्गदर्शिका सांगते. कमी मात्रेची साधी गोळी चालते. सरकारी केंद्रांतून मोफत मिळणारी ‘माला-एन’ याच वर्गातली आहे. पण तिच्यावर ‘पाळणा लांबवण्याची गोळी’ हा शिक्का असल्यामुळे अविवाहित मुलीच्या घरी तिचे नावही काढता येत नाही, आणि महागड्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या जातात. (कोणतीही गोळी डॉक्टरांनी तपासूनच द्यायची असते, हे सांगायला नकोच.)

शाळेत काय करता येईल?

किशोरवयीन मुलींच्या निदानाला मार्गदर्शिका दोन गोष्टी मागते : अनियमित पाळी आणि पुरुषसंप्रेरकांचा अतिरेक. दोन्ही असल्याच पाहिजेत. एकच असेल तर विकार आहे असे न म्हणता तिच्यावर लक्ष ठेवायचे आणि काही वर्षांनी पुन्हा तपासायचे. थायरॉइडसारखी इतर कारणे वगळायला रक्त तपासावे लागते, पण सुरुवात मात्र कॅलेंडर आणि डोळस तपासणी यांनी होते. तेव्हा ‘तालुक्याला यंत्र नाही, तज्ज्ञ नाही’ ही सबब पहिल्या पायरीपुरती तरी टिकत नाही.

अनियमित कशाला म्हणायचे? पाळी सुरू झाल्याच्या पहिल्या वर्षी अनियमितता स्वाभाविक असते. एक ते तीन वर्षांच्या काळात दोन पाळ्यांतले अंतर २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त, आणि तीन वर्षांनंतर २१ पेक्षा कमी किंवा ३५ पेक्षा जास्त असेल, तर लक्ष द्यावे. पहिल्या वर्षानंतर एकदाही ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

हे नियम शिक्षिकांनी आठवी ते बारावीच्या मुलींना एका तासात शिकवता येतील. तारखा मुलीने स्वतःच्या वहीत लिहायच्या आहेत. शाळेने त्यांची नोंदवही ठेवू नये, कारण ती गोष्ट तिची आहे. निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. मुलीच्या मिशीवरून, मुरुमांवरून किंवा जाडीवरून वर्गात हशा होणार नाही, हे पाहणे मात्र नक्कीच आहे. लोहाच्या गोळ्या आपण शाळेतून वाटतो. या माहितीला तर पैसाही लागत नाही.

संशोधकांकडून आमची अपेक्षा याहून मोठी आहे. बंग दांपत्याने गडचिरोलीत केली तशी, तक्रार असो वा नसो सगळ्यांना तपासणारी पाहणी अमरावती-अकोल्याच्या एखाद्या तालुक्यात व्हावी. तिचे निष्कर्ष प्रत्येक लक्षणासाठी वेगळे द्यावेत. आणि सापडलेल्या मुलींच्या उपचारांची सोय पाहणीआधीच ठरलेली असावी. मोजून सोडून देणे हे विज्ञानालाही शोभत नाही. तोवर राष्ट्रीय टक्केवारी वाचताना आपण दोन प्रश्न विचारत राहू : व्याख्या कोणती होती, आणि आमच्या गावची मुलगी त्या यादीत होती का?