कलम ४३ मधली फुरसत

राज्यघटनेचं ४३ वं कलम म्हणजे एकच लांबलचक वाक्य. शेतात, कारखान्यात किंवा आणखी कुठे राबणाऱ्या माणसाला काय काय मिळावं म्हणून राज्यानं झटायचं, ते त्यात सांगितलंय. आधी काम, मग घर चालेल इतकं वेतन, मग माणसासारखं जगता येईल अशी परिस्थिती. इथंच थांबलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. पण वाक्य पुढे जातं आणि फुरसतीच्या पूर्ण उपभोगाशी येतं, तिथून सामाजिक आणि सांस्कृतिक संधींपर्यंत पोचतं.

माझा जीव अडकतो तो त्या ‘पूर्ण’मध्ये. मूळ इंग्रजीतल्या ‘लेझर’ला मी मुद्दाम फुरसत म्हणतो, विश्रांती नाही. मुंबईच्या गिरणगावात एकेका खोलीत माणसं पाळीपाळीनं झोपायची. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. ती विश्रांती, पुढच्या पाळीसाठी घेतलेली. भजनाला बसणं, गावाकडे सावकाश पत्र लिहिणं, ही फुरसत. तिच्यावर मालकाचा भोंगा चालत नाही.

या शब्दाला मुंबईची जुनी ओल आहे. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याची सुट्टी मागितली. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार कबूल केला. रविवार, म्हणजे खंडोबाचा वार.

स्वातंत्र्यानंतर चांगल्या जगण्याला माप लागलं. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेनं किमान वेतनासाठी प्रौढ माणसामागे २,७०० उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, शिवाय घरभाडं, सरपण आणि दिवाबत्ती धरली. हे माप हवंच होतं; आकडा नसला की मजूर वाटाघाटीत हरतो. पण त्या हिशेबात फुरसतीचं खातंच नव्हतं.

ते उघडलं १९९१ मध्ये. कलम ३७ नुसार ४३ व्या कलमासारखी मार्गदर्शक तत्त्वं न्यायालयाकडून बजावून घेता येत नाहीत, तरी रेप्टाकॉस ब्रेट या कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ४३ व्या कलमाचाच आधार घेतला आणि किमान वेतनात आणखी २५ टक्के धरायला सांगितले. कशासाठी? मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण, लग्नकार्य. आणि त्याच यादीत, औषधपाण्याच्या शेजारी, थोडी करमणूक आणि सणवार.