जुन्या प्लगवरच्या चिरा

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात नीरा डाव्या कालव्याचं पाणी 1885 पासून खेळतंय. त्या पाण्यावर ऊस आला आणि पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरची धुराडी उभी राहिली. माझं मन मात्र रमतं ते उन्हाळ्यात, उसाची गव्हाण थांबल्यावर, फिटरच्या बाकाशी. वाफेचा दाब राखणारा व्हॉल्व्ह तिथं उघडून ठेवलेला असतो.

बॉयलरची वाफ चढ्या दाबाची. टर्बाइन फिरवून ती उतरते आणि साधारण 1.5 किलो दाबानं रस आटवायला जाते. ही उतरलेली वाफ कमी पडली की हा व्हॉल्व्ह बॉयलरची वाफ दाब कमी करून खाली सोडतो. तो बिघडला तर रस आटेना, गाळप रेंगाळतं आणि तोडलेला ऊस गाडीतच वाळतो. शेतकऱ्याच्या उसाचं वजन जातं, साखरेचा उतारा जातो.

आता व्हॉल्व्हमधला प्लग, म्हणजे वाफेची वाट अडवणारा भाग, पुसून उजेडात धरा. सीटला, म्हणजे त्याच्या बैठकीला, टेकणारी त्याची कड बघा. धड प्लगवर एकच सलग, उजळ रेघ असते. झिजलेल्यावर बारीक चिरा असतात, तारेनं कापल्यासारख्या. एवढं कठीण पोलाद वाफेनं कापलेलं असतं! व्हॉल्व्ह जेमतेम उघडा राहिला की फटीतून ती प्रचंड वेगानं सुटते, आणि तिच्यात पाण्याचे थेंब असले तर धातू खरवडून नेते. एकाच बाजूला चिरा असतील तर स्टेम, म्हणजे प्लगची दांडी, वाकलाय किंवा गाइड झिजलंय का, ते तपासावं. चहूकडे सारख्या असतील तर वाफ ओली येत असावी, नाहीतर व्हॉल्व्हच गरजेपेक्षा मोठा बसवलेला असावा आणि हंगामभर तो किलकिल्या दारासारखा उभा राहिला असावा. हे न वाचता नवा प्लग टाकला तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच चिरा पुन्हा बाकावर येतात.

नवा प्लगही सीटशी जुळवावा लागतो. कडेला लॅपिंग पेस्टचे चार ठिपके लावायचे, आणि पाव गिरकी पुढे, पाव मागे. थोड्या हेलकाव्यांनंतर उचलायचा, जरा फिरवून पुन्हा ठेवायचा. सुरुवातीला खरखर येते, मग आवाज मऊ होत जातो. मुरलेला फिटर त्या आवाजावरच बारीक पेस्ट मागतो. मला यात मैफलीतला तंबोरा जुळवणारा हात दिसतो. शेवटी निळा रंग लावून बघायचं : रेघ कुठंही तुटता कामा नये. रुंद पट्टा उमटला की नवखा खूश होतो, जाणकार मान हलवतो. टेकायची जागा रुंदावली की तोच जोर पसरतो आणि बंद व्हॉल्व्ह झिरपू लागतो.

व्हॉल्व्ह हलवणाऱ्या डायफ्रामचं फार सांगण्यासारखं नाही. उष्णतेनं रबर कडक होतं, घडीवर तडकतं, बदलून टाकावं. स्टेमभोवतीची गळती रोखणाऱ्या ग्लँड पॅकिंगला मात्र हात हवा. कड्या तिरप्या कापायच्या, त्यांचे सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत आणि नट बेतानं आवळायचा. करकचून आवळलं तर गळती थांबते, पण स्टेम अडखळतो आणि दाब हिंदकळत राहतो.

हंगामाच्या तोंडावर अग्निप्रदीपनाला बॉयलरची पूजा होते, गव्हाणीत मोळी टाकताना फोटो निघतात. पण कारखान्याच्या सभासदांना माझी एक विनंती आहे. ऑफ सीझनमध्ये एकदा वर्कशॉपमध्ये जा आणि भंगाराच्या पेटीत जाण्याआधी तो जुना प्लग हातात घेऊन बघा.