उपासना दिनदर्शिकेतील 'सहकारी' : संत गोन्सालो गार्सिया यांच्या स्मरणदिनाचे चिकित्सक परीक्षण

प्रस्तावना :
कॅथलिक उपासना दिनदर्शिका ही केवळ सणवारांची यादी नाही. कोणाचे स्मरण कोणी, कोठे व किती गांभीर्याने करावे याचा तो एक निर्णय असतो. म्हणूनच ती चिकित्सेचा विषय ठरते. प्रस्तुत लेखात ६ फेब्रुवारी या एकाच दिवसाच्या आधारे ही चिकित्सा केली आहे.

विवेचन :
दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये असे तत्त्व मांडले की, ज्यांचे महत्त्व खरोखर सार्वत्रिक आहे अशाच संतांचे दिवस सर्व चर्चने पाळावेत. इतरांचे स्मरण त्या त्या प्रदेशाकडे वा संन्यस्त संघाकडे सोपवावे. त्यानुसार पोप सहावे पॉल यांनी १९६९ मध्ये दिनदर्शिकेची पुनर्रचना केली. संत ख्रिस्तोफर यांच्यासारखी काही नावे सर्वसाधारण यादीतून वगळली गेली. त्यामुळे त्यांचे संतपद रद्द झाले, हा समज मात्र चुकीचा आहे. त्याच वेळी युरोपबाहेरील हुतात्म्यांना नव्याने स्थान मिळाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मारले गेलेले २६ हुतात्मे त्यांपैकीच होत. ५ फेब्रुवारी हा संत अगाथा यांचा दिवस असल्याने त्यांचे स्मरण ६ तारखेला ठेवण्यात आले.

या २६ जणांत वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन बंधू गोन्सालो गार्सिया होते. जपानी भाषा अवगत असल्याने ते जपानमधील फ्रान्सिस्कनांचे दुभाषे झाले. १८६२ मध्ये या सर्वांना संतपद मिळाले. तथापि दिनदर्शिकेतील शीर्षक 'संत पॉल मिकी व सहकारी' असे आहे. २६ पैकी २० जण जपानी होते. त्यामुळे युरोपीय धर्मप्रसारकाऐवजी जपानी येशूसंघीयाचे नाव अग्रस्थानी येणे न्याय्यच म्हणावे लागेल. परंतु युरोपीयही नाही आणि जपानीही नाही, असा वसईचा हुतात्मा 'सहकारी' या एका शब्दात दिसेनासा होतो. सार्वत्रिकतेसाठी केलेल्या सुधारणेची ही मर्यादा होय.

या मर्यादेवरील उपाय मात्र त्याच नियमव्यवस्थेत आहे. ज्या संताच्या नावाने चर्च उभे आहे, त्याचा दिवस त्या चर्चपुरता 'महोत्सव' या सर्वोच्च श्रेणीचा ठरतो. वसईतील गास येथील चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्याच नावाचे आहे. जगभर साध्या स्मरणाच्या श्रेणीत, तेही अनामिक 'सहकारी' म्हणून येणारा संत तेथे केंद्रस्थानी येतो.

निष्कर्ष :
स्थानिक दिनदर्शिका ही रोमन दिनदर्शिकेची पुरवणी नसून तिची पूर्तता आहे. सर्वसाधारण यादी संतांना जगभर पोहोचवते, पण त्या ओघात कित्येकांची नावे हरवतात. ती नावे राखण्याचे काम त्यांच्या गावाला करावे लागते. स्थानिक परंपरा क्षीण झाली, तर १९६९ च्या सुधारणेचा अर्धा हेतूच निष्फळ ठरेल.